पुढच्या चाकासमोरची वीट

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटारगाडी आहे. इंदूरला सुदामा नगरात, एका घराच्या गेटच्या आत, जरा उतारावर उभी असते. वय बावीस. माझं इंजिन आजही पहिल्या चावीत सुरू होतं. बढाई नाही, खरं आहे म्हणून सांगते. पण ही गोष्ट इंजिनाची नाही, थंड हवेची आहे. ती मे महिन्यातल्या एका गुरुवारी सुरू होते, आणि त्या दिवशी विशेष असं काहीच घडलं नव्हतं.

दुपारी माझे मालक गजाननराव माझ्यात बसले होते. काचा बंद, इंजिन चालू, एसी चालू. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. सगळी गल्ली त्यांना माट्साब म्हणे. स्वतःसाठी त्यांनी एसीचं बटण कधी दाबलं नव्हतं. "खिडकी मग कशाला दिलीय?" असं म्हणायचे. आणि आता आठवडाभर रोज अर्धा तास असे एकटेच बसत होते.

त्यांची मुलगी चारुलता विजय नगरहून आली होती. तिने काचेवर टकटक केलं.

"बाबा, हे काय? जायचं कुठे नाही आणि पेट्रोल जाळताय?"

"थंडी शोधतोय, बेटा."

"आहे कुठे थंडी? दर एप्रिलमध्ये गॅस भरता, यंदा तर महिन्यातच खलास. काढून टाका आता ही गाडी."

"काढू ना. आधी तुझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. डॉक्टर म्हणालेत, येताना धूळ नको, काचा बंद पाहिजेत. तिला आपल्याच गाडीतून नेईन म्हटलंय मी."

"टॅक्सी आहे ना."

"टॅक्सी आहे. शब्द माझा आहे."

ती घड्याळात बघत निघून गेली. माट्साबांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक घट्ट ओढला, उतरले, आणि नेहमीसारखी माझ्या पुढच्या चाकासमोर वीट ठेवली. शुक्रवारी पहाटे ते झोपेतच गेले.

त्या विटेविषयी सांगायचं तर मला मागे जावं लागेल.

मी या घरात आले तेव्हा चारूच्या आईने, म्हणजे वसुधाताईंनी, माझ्या बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. गल्लीतली पहिली एसी गाडी मीच. शेजारच्या तीन नवरदेवांना मी मांडवापर्यंत नेलं आणि एकाचाही फेटा घामाने भिजू दिला नाही. तेव्हा माझ्या चारी जाळ्यांतून अशी हवा यायची की म्हातारी माणसं शाल मागत.

दोन वर्षांनी एका दुपारी घरात सगळे झोपलेले असताना एकोणीस वर्षांची चारू खिळ्यावरची चावी घेऊन आली. तिला गाडी येत नव्हती. येते असं मैत्रिणींना सांगून ठेवलेलं होतं. तिने हँडब्रेक सोडला, आणि मी उतारावरून सरकत गेटच्या खांबाला जाऊन भिडले. बंपर चेपला. ती उतरली, चावी खिळ्याला लावली आणि पुस्तक उघडून बसली.

संध्याकाळी माट्साबांनी मला खांबाला टेकलेली पाहिलं. थोडा वेळ बघत राहिले. मग मोठ्याने, घरात ऐकू जाईल असं म्हणाले, "माझाच हँडब्रेक राहिला वाटतं ओढायचा. वय झालं!" तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून वीट आली. वीस वर्षं, रोज. पाहुणे हसायचे, "माट्साब, गाडी आहे का बैल?" ते म्हणायचे, "विसराळू माणसाला वीट बरी." चारू जवळ असली तर घरात निघून जायची. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच बोलले असते.

बंपर नवा आला, पण त्याच्यामागचा, एसीचा गॅस थंड करणारा कंडेन्सर खालच्या कोपऱ्यात किंचित वाकला होता. ते कुणी पाहिलं नाही. मित्रांनो, एसीचा गॅस बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरतो. पेट्रोलसारखा तो जळून संपत नाही. कमी झाला तर तो कुठून तरी निसटतोय असं समजावं. वाकलेला कोपरा पट्टीला घासत राहिला, झिजला, आणि गेली पाच-सहा वर्षं तिथून माझी थंडी जाऊ लागली. दर एप्रिलमध्ये कुठल्यातरी दुकानात वरून गॅस भरायचा आणि विसरायचं, असं चाललं. मागच्या सीटवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे साठले.

तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी माट्साबांचा फोन वाजला. ऑपरेशनची पुढे ढकललेली तारीख सोमवारची होती, आणि वसुधाताई एकच म्हणत होत्या, "मी टॅक्सीत बसणार नाही. ते म्हणाले होते." चारूने माझ्याजवळ उभं राहून फोन घेतला.

"माट्साब, रघुवीर बोलतोय, परदेशीपुऱ्याहून. कमाल करता यार! शुक्रवारी गाडी आणणार होता ना?"

"मी चारुलता. बाबा गेले. त्याच शुक्रवारी."

पलीकडे चाललेला हातोडीचा आवाज थांबला.

"दीदी," रघुवीर म्हणाला, "गाडी घेऊन या. त्यांचं काम अर्धं राहिलंय."

रघुवीर मेकॅनिक माझा जुना ओळखीचा, चेपलेल्याच्या जागी नवा बंपर त्यानेच बसवलेला. त्याने शटर खाली ओढून अंधार केला, चारूला पिवळा चष्मा दिला आणि हातात निळा दिवा घेतला.

"माट्साब आले होते, म्हणाले, वरून भरणं पुरे, आता गळती शोध. मी गॅसमध्ये रंग सोडला. म्हटलं, रोज अर्धा तास एसी चालवा, रंग फिरला पाहिजे. जिथून निसटेल तिथे चमकेल."

काचेवर टकटक केलेला हात चारूने दुसऱ्या हातात धरला.

दिवा नळ्यांवरून, सांध्यांवरून फिरत खाली आला. कंडेन्सरच्या कोपऱ्यात पोपटी ठिपका पेटल्यासारखा चमकला.

"मिल गया!" रघुवीर ओरडला. मग वाकून बघत म्हणाला, "हा तर जुना मार आहे. गेटच्या खांबाचा."

"तेव्हा हँडब्रेक ढिला होता," चारू हळूच म्हणाली.

"कोण म्हणतं? मी स्वतः चेक केला होता, एकदम टाइट. माट्साबना म्हटलंसुद्धा, ही आपोआप सरकणारच नाही, कुणीतरी सोडलाय. तर म्हणे, 'रघुवीर, ते घरी बोलायचं नाही. ती आपण होऊन सांगेल.'"

चारूने चष्मा काढला नाही.

रघुवीरने नवा कंडेन्सर बसवला, सांध्यांतले रबरी छल्ले बदलले. नळ्यांतली हवा खेचून घेतली आणि दाबाचा काटा अर्धा तास एका जागी उभा राहिला, म्हणजे आता गळती नाही, हे चारूला दाखवलं. मगच नेमका मोजून गॅस भरला. सोमवारी मी वसुधाताईंना काचा बंद करून नेलं आणि आणलं. येताना, डोळ्यावर पट्टी बांधलेल्या वसुधाताई म्हणाल्या, "चारू, शाल आहे का गं?" त्या क्षणी मला माझी बावीस वर्षं पुन्हा नवी वाटली.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरातल्या जुन्या यंत्राची ताकद कमी झाली तर त्याला लगेच म्हातारं ठरवू नका, आणि वरवर भरून पुढेही जाऊ नका. दिवा घ्या, वाका, गळती शोधा. सापडते. बहुतेक वेळा ती कुठे आहे हे कुणालातरी आधीपासून माहीत असतं.

घरी आल्यावर चारूने मला उतारावर उभं केलं, हँडब्रेक ओढला आणि सवयीने वीट उचलली. पण ठेवली नाही. ती तशीच हातात धरून माझ्या उघड्या दारातून आत, स्टिअरिंगमागच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. वसुधाताई मागे बसून ऐकत होत्या.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुमचा हँडब्रेक ओढलेलाच होता. गाडी मी ठोकली."