इरिया वाचते

“मोठ्यानं वाच गं. समोर ऐकू गेलं पाहिजे.”

माझ्या नातीनं, इरियानं, खिडकीत पुस्तक उघडं धरलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, “बकरी छपरावर चढली. पाववाला खालून ओरडला, उतर खाली, माझी कौलं फोडशील!”

मी शेंगा सोलत होते. हसताना मांडीवरचं ताट कलंडलं. समोरच्या खिडकीत आल्बर्तीना नातवाला घेऊन बसली होती. आमची गल्ली एवढी अरुंद, की तिनं मासा तळला तर वास आधी माझ्या घरात येतो. तिचा नातू बिचारा एकेका अक्षरावर बोट ठेवून घाम गाळत होता.

“काय गं आल्बर्तीना, तुमचं गलबत अजून बंदरातच का?”

“देओलिंदा, तुझ्या जिभेला मास्क लाव आधी,” ती म्हणाली.

साथीत शाळा बंद झाल्या तेव्हा माझी मुलगी सेलेस्त वृद्धाश्रमात कामाला होती. म्हाताऱ्यांना बाहेरून आजार नको म्हणून कामाच्या बायका तिथंच राहायला गेल्या. जाताना सेलेस्त दारातूनच म्हणाली, “आई, बाकी काही नको. हिचं वाचन तेवढं बघ. पहिलीचं वर्ष आहे.”

“तुला मोठं केलं ना मी? मग हिचं काय एवढं!” मी म्हटलं.

सकाळी टीव्हीवर शाळा भरायची. आठवड्यातून एकदा इरियाच्या रेनाता बाई धड्यांची पिशवी दाराच्या कडीला अडकवून जायच्या, मग फोन करायच्या.

“देओलिंदाबाई, वाचन कसं चाललंय?”

“घडाघडा. पोपट झक मारेल.”

“मला एकदा कॅमेऱ्यावर ऐकायचंय. शाळेकडून टॅब्लेट पाठवते, वापरून झाला की परत द्या.”

“आमच्या घरात फुकटचं येत नाही, बाई.”

फुकटचं हे निमित्त होतं. टॅब्लेट आला असता तर तो चालवताना चार ओळी मलाही वाचाव्या लागल्या असत्या. मी दुसरीतून उठले ती थेट मासे खारवायला बसले. सही येते, भाव लिहिता येतो, बसची पाटी ओळखता येते. पण पुस्तकातली ओळ म्हणजे मला गुंतलेला दोर, टोकच सापडत नाही. गल्लीत कुणाला हे ठाऊक नव्हतं. सेलेस्तला असेलही, पण मला विचारायची तिची टाप नव्हती.

मे महिन्यात एके दिवशी रेनाता बाई स्वतःच आल्या. मास्क लावून गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

“इरिया, मला वाचून दाखवतेस?”

मी हाका मारून सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. म्हटलं, ऐका, नात कुणाची आहे ते.

इरियानं वाचलं. बकरी आता होडीत बसली होती आणि नावाड्यालाच वल्हवायला शिकवत होती. लोक हसले. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग पुढे झाल्या आणि त्यांनी पानावरच्या एका छोट्या शब्दावर बोट ठेवलं.

“आणि हे काय गं?”

इरियानं पानाकडे पाहिलंच नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“पाऊस,” ती म्हणाली.

मी मान डोलावली.

तिथं ‘जाळं’ लिहिलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्यावर आमचं घर जेवलं, ते जाळं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं, की बाईंची नजर पानावरून उठून माझ्यावर आली आणि लगेच खाली गेली.

“चष्म्याची दुकानं बंद आहेत ना,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “तुम्हाला जवळचं दिसायला त्रास होत असेल.”

भली बाई. तिनं मला दोर टाकला होता, धरला की सुटले. मी ‘हो’ म्हणणार, तेवढ्यात इरियाच बोलली.

“आजीचा चष्मा ना बाई, धक्क्यावरून पाण्यात पडला. मग एका माशानं तो घातला आणि पळाला.”

बकरीची गोष्ट वाचायची त्याच आवाजात. खिडक्यांत पुन्हा हसू फुटलं. मी मात्र तिला माझ्याकडे वळवलं.

“इरिया, तुला यातलं एक तरी अक्षर येतं का गं?”

ती नखानं चौकटीचा रंग खरवडत राहिली. मग माझ्या कानाशी आली.

“पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, येत नाही. तू ओरडलीस, आपल्या घरात ढ कुणी नाही. मग मी तुला आवडेल तसं वाचलं.” आणि आणखी हळू म्हणाली, “तुला कळत नाही ते मला माहीत होतं. मी कुणालाच नाही सांगितलं, आजी.”

माझी हाक तीन गल्ल्या पलीकडे जाते. त्या दिवशी ती समोरच्या खिडकीपर्यंत जेमतेम गेली.

“चष्मा नाही, बाई. कधी नव्हताच. मला वाचता येत नाही. ही इतके दिवस काय वाचत होती, मला कळलं नाही.”

कुणी हसलं नाही.

“उद्यापासून मी इथंच येते. रोज,” बाई म्हणाल्या.

“तुम्हाला कशाला त्रास—”

“येते म्हटलं ना!”

असं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. उभ्यानंच त्यांनी पुस्तक खिडकीत ठेवलं आणि इरियाचं बोट पहिल्या अक्षरावर नेलं. इरिया अडखळली. पुन्हा अडखळली. इतके दिवस खळखळणारी पोर एका अक्षरापाशी तोतरी झाली.

एवढ्यात आल्बर्तीनाचं दार उघडलं. मी मान ताठ केली. टोमणा येणार होता, आणि तो माझ्या हक्काचा होता. मी तिला कमी का बोलले होते?

तिनं आपल्या स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आणली, माझ्या खिडकीखाली ठेवली आणि कमरेच्या ॲप्रननं बैठक पुसली. “बसा, बाई,” म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंदेखील नाही.

मग घरात गेली आणि आमचं अडखळणं ऐकू जाऊ नये म्हणून आपली खिडकी लावून घेतली. उकाड्याचे दिवस होते, तरी लावून घेतली.