गरम पाण्यात गेलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनं पान आहे, कागदाचं नव्हे, वासराच्या कातड्याचं. वय विचाराल तर सात-आठशे वर्षं सहज. पण अजूनही कुठे पाणी उकळल्याचा आवाज आला की मला कापरं भरतं.

युरोपातल्या एका ख्रिस्ती मठातल्या लेखनिकाने मला घासून पातळ केलं, चार-चार तांबड्या रेघांच्या ओळी आखल्या आणि त्यांवर चौकोनी टिंबांनी एका प्रार्थनेची चाल मांडली. वीस जण मला बघून एका सुरात गायचे. काय रुबाब होता माझा! पुढे नवी पुस्तकं आली आणि मी अडगळीत पडलो. मग कुणा बाइंडराने मला सुरीने कापलं आणि औषधांच्या एका ग्रंथाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं. सुरी अंगावरून फिरताना काय वाटतं, ते तुम्हाला कधी न कळो. तोंडावर खळ, भोवती अंधार, अशी शेकडो वर्षं गेली.

गेल्या वर्षी तो ग्रंथ दुरुस्तीला आला. दुकान एका बाइंडरबाईंचं. मदतीला त्यांची आत्या, चर्चमधल्या गाण्याची निवृत्त शिक्षिका.

"खळ नुसती दगड झालीय," बाई म्हणाल्या. जन्म कागदात गेलेला, त्यामुळे मीही जाड कागदच वाटलो त्यांना. त्यांनी गरम पाण्याचा बोळा माझ्या शेवटच्या ओळीवर दाबला. मी आक्रसलो, शाई वाहू लागली. ओरडावं म्हटलं, पण पानाला घसा कुठला!

"अगं, हात आवर!" आत्या धावली. "कातडं आहे ते! आणि ही टिंबं बघ, गाणं आहे हे!"

तिने बोट ठेवत, अडखळत सूर लावला. एवढ्या वर्षांनी मी स्वतःला ऐकलं. शेवटच्या ओळीशी मात्र ती थांबली.

"म्हण ना पुढे," बाई रडवेल्या झाल्या.

"पुढचं गेलं, बाळा. मनचं घालून नाही म्हणणार मी."

आता मी काचेखाली असतो. आत्याने गल्लीतली पंचवीस माणसं जमवून त्यांना ती चाल शिकवली. दर रविवारी ती गातात आणि त्या जागी आली की सगळी एकदम गप्प होतात. बाई तेव्हा आपल्या हातांकडे बघत बसतात.

मित्रांनो, जुनं काही उकलताना घाई करू नका. आधी नीट बघा, जाणत्याला विचारा. त्या शांततेची मला फार भीती वाटते, कारण ती ओळ आता मलाही आठवत नाही.