दुपारी झोपवणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे. आपली कहाणी सांगताना आधी आपले गुण सांगायची पद्धत आहे. मी आधी गुन्हा कबूल करते. माझ्यामुळे एक अख्खी इमारत दीड वर्ष रात्रीची जागी होती.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. हात लांब, पाठ कललेली, गादी जाड. नीट झाली का ते बघायला म्हणून सुतार माझ्यात बसला आणि पाऊण तास घोरला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याने घोरणाऱ्या सुताराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला हलवून म्हटलं, "हीच द्या."

ते गिऱ्हाईक म्हणजे एका शुश्रूषागृहाचे व्यवस्थापक. विस्मरणाचा आजार झालेली वीसेक म्हातारी माणसं तिथे राहत. मला मोठ्या खोलीत टीव्हीसमोर ठेवलं. मदतनीस मावशी एकेकाला माझ्यात आणून बसवत. दहा मिनिटांत मान कलायची. व्यवस्थापक पाहुण्यांना घेऊन येत आणि हलक्या आवाजात म्हणत, "बघा, किती शांतता." मी फुगून जायचे.

माझे सगळ्यांत मोठे भक्त म्हणजे चेकरकाका. त्यांनी उभा जन्म बसमध्ये तिकिटं तपासण्यात घालवला होता. नाश्ता झाला की ते माझ्यात बसत. मधे जेवायला उठत, पुन्हा येत, ते थेट संध्याकाळच्या चहापर्यंत. मग रात्री ताजेतवाने होऊन ड्यूटीवर निघत. खोल्याखोल्यांत शिरून पांघरूण बाजूला करत आणि म्हणत, "तिकीट दाखवा." ज्यांना स्वतःचं नाव आठवत नसे, ते बिचारे उशीखाली तिकीट शोधू लागत.

काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्याच खोलीत राहत. काकूंची स्मरणशक्ती शाबूत होती, गुडघे तेवढे गेलेले. त्या म्हणत, "पन्नास वर्षं ह्यांच्याबरोबर फुकट फिरले. आता रोज रात्री मला मधल्याच स्टॉपवर उतरवतात."

शेवटी व्यवस्थापकांनी ठरवलं. काकांना मागच्या इमारतीत, कुलपाच्या खोलीत हलवायचं. काकू इथेच राहतील. त्या दिवसापासून काकूंचे विनोद बंद झाले.

त्याच आठवड्यात नवी सिस्टर आली. तीन दिवस ती हातात पेन्सिल घेऊन नुसती बघत होती. मग तिने व्यवस्थापकांसमोर वही ठेवली.

"सर, काका दिवसा सहा तास झोपतात."

"चांगलंच आहे की. कुणाला त्रास नाही."

"मग रात्री काय करतील? माणूस झोपून झोपून झोपणार तरी किती?"

"पण दुपारची शांतता जाईल हो."

"जाऊ दे. रात्री येईल ती."

मग ती मावशींकडे वळली. "आणि मध्यरात्री दिवा लावून काय विचारता तुम्ही त्यांना?"

"झोपलात ना, काका, असं विचारते," मावशी म्हणाल्या. "दर दोन तासांनी बघायचा नियमच आहे."

"मग काय म्हणतात?"

"आधी काही म्हणत नाहीत. मग उठून बसतात."

व्यवस्थापकांनी वही मिटली आणि पंधरा दिवसांची मुदत दिली.

माझी रवानगी अंगणात झाली, काका-काकूंच्या खिडकीशी, ऐन उन्हात. इतक्या सेवेनंतर हे! काका सकाळी अर्धा तास माझ्यात बसत, पण उन्हात डोळा लागेना. मग सिस्टर त्यांच्या खांद्याला पिशवी अडकवे आणि ते अंगणभर तिकिटं तपासत फिरत. कुणी पान देई, कुणी गोळ्यांचं रिकामं पाकीट. एका आजींनी बिस्कीट दिलं. काकांनी दाताने त्याला रीतसर छेद दिला आणि परत केलं. एक आजोबा विनातिकीट सापडले. त्यांना अंगणाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम विनातिकीट आले.

दुपारची झोप अर्ध्या तासाची, सिस्टरच्या घड्याळावर. रात्री दिवे बंद, मावशी अनवाणी.

पहिला आठवडा काही झालं नाही. काका चिडचिडे झाले आणि काकू रोज दिवस मोजू लागल्या. आठव्या रात्री काका तीनपर्यंत झोपले. काकूंनी सकाळी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. दृष्ट लागेल म्हणून असावं.

पंधराव्या सकाळी व्यवस्थापक पलंग हलवायला दोन माणसं घेऊन आले. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. काका घोरत होते. काकू त्यांच्याहून वरच्या पट्टीत.

"रात्री उठले होते का?" व्यवस्थापकांनी कुजबुजत विचारलं.

"एकदाही नाही," मावशी म्हणाल्या. "हा चौथा दिवस. अंधारात बघायला जाते मी, माझाच गुडघा फुटला."

व्यवस्थापकांनी माणसांना हातानेच मागे फिरा म्हणून सांगितलं. तिघं चवड्यांवर बाहेर पडले. नाश्ता आला, गार झाला. कुणी त्यांना उठवलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचे आजी-आजोबा रात्री जागत असतील, तर त्यांच्यावर चिडण्याआधी त्यांचा दिवस कसा जातो ते बघा. त्यांना सकाळी उन्हात आणा, हाताला काहीतरी काम द्या, रात्री अंधार द्या. कोपऱ्यात गप्प बसवलं म्हणजे माणसाला सांभाळलं, असं समजू नका. मी समजत होते.

आता उन्हाने माझा रंग उडाला आहे, गादी उसवली आहे, आणि माझ्यात अर्ध्या तासाहून जास्त कुणी टिकत नाही. माझं उत्तम चाललं आहे.