थोरलीने आणायचं, सगळ्यांनी वाटून घ्यायचं

मित्रांनो, मी एक जुनी कॉम्प्युटर मशीन आहे. जुनी म्हणा, चालेल. भंगार म्हणालात तर याद राखा. रक्त तपासून रिपोर्ट देणाऱ्या एका लॅबमध्ये मी सगळ्यांच्या आधी आले, म्हणून माझं नाव पडलं थोरली. सध्या मुक्काम मागच्या अडगळीच्या खोलीत. एका बाजूला कापसाची खोकी, दुसऱ्या बाजूला पाय मोडलेली खुर्ची, वर ट्यूबलाइट, तीही तिच्या मनात येईल तेव्हाच पेटणारी. तुम्ही आलात, बरं झालं. बसा. त्या खुर्चीवर नको, पडाल.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. एकीने माझ्या पोटात पंखा बसवला, दुसरीने स्क्रू आवळले, तिसरीने पाठीवर चिठ्ठी चिकटवली आणि मी पुढे सरकले. कुणी नावही विचारलं नाही. मग खोकं आणि अंधार. ते खोकं उघडलं डॉक्टरीणबाईंनी. लॅब त्यांचीच. भिंतींना ओल्या रंगाचा वास येत होता, बाकं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. बाईंनी मला टेबलावर बसवलं, बटण दाबलं, आणि माझा दिवा लागला तेव्हा एवढ्या मोठ्या बाई, पण लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. आज विचाराल तर आठवत नाही म्हणतील. मला आठवतं.

माझं शिक्षण म्हणाल तर शून्य. माझ्यातून किती रिपोर्ट गेले त्याला हिशेब नाही, पण त्यातला एकही मला समजला नाही. कुणाचं रक्त कमी, कुणाची साखर जास्त, ते डॉक्टरांनी बघावं. माझं काम पोचवण्याचं. जे हातात दिलं ते जसंच्या तसं पुढे द्यायचं, वर आपलं काही घालायचं नाही. हे ज्याला जमतं त्याला पदवी नसली तरी चालते, असं माझं मत आहे.

मग लॅब वाढली आणि माझ्या पाठोपाठ बहिणी आल्या. कुणी रक्ताच्या खोलीत, कुणी बिलाच्या टेबलावर, कुणी डॉक्टरीणबाईंसमोर. घर भरलं, आणि भांडणही सुरू झालं. त्याचं कारण अपडेट.

अपडेट म्हणजे काय, ते सांगते. आम्हा मशीनना दर महिन्याला बाहेरून दुरुस्तीचा एक गठ्ठा येतो. कुठे भोक पडलं असेल तर त्याला ठिगळ, दार ढिलं झालं असेल तर नवी कडी. तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर एखाद्या दिवशी चोर आत शिरतो आणि सगळे रिपोर्ट घेऊन जातो. पण आमच्या लॅबची इंटरनेटची लाइन म्हणजे अरुंद बोळ. गठ्ठा आला की आम्ही सगळ्या एकदम त्या बोळात घुसायचो. गठ्ठा एकच, तरी प्रत्येकीने आपापला आणायचा! एका घरातल्या बायकांनी एकाच दुकानात एकीमागून एक जाऊन मीठ आणावं, तसला शहाणपणा. त्या गर्दीत रिपोर्ट अडकून पडायचे, आणि काउंटरवरच्या ताईंचा आवाज चढायचा.

"काका, आवरा हो तुमच्या मशीनना! लोक माझ्या अंगावर येतायत!"

काका म्हणजे वायरकाका. लॅबची सगळी जोडणी तेच बघत. हडकुळा माणूस, चष्मा कपाळावर ठेवायचे आणि गावभर शोधायचे. त्यांनी जरा वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाले, "आता एकीनेच बाहेर जायचं. थोरलीच्या पोटात जागा आहे. थोरलीने आणायचं, बाकीच्यांनी घरातल्या घरात वाटून घ्यायचं."

"आणि हिने वाटेत खराब करून दिलं तर?" ताईंनी विचारलं. संशयी बाई.

"प्रत्येक तुकड्यावर शिक्का असतो. शिक्का जुळला नाही तर घेणारी तो तुकडा टाकून देते आणि बाहेरून नवा आणते."

"बाकावरच्या लोकांचे फोन? तेही हिच्याकडून घेणार?"

"नाही हो. आपल्या मशीनना मी घराचं एक नाव देतोय. ज्यांचं नाव तेच, त्यांच्यातच वाटप. आणि पाहुण्यांची लाइन वेगळीच आहे, मध्ये भिंत घातलीय."

"म्हणजे सासू आणणार आणि सुना वाटून घेणार."

"सुना नका म्हणू, बहिणी म्हणा," काका म्हणाले. "सुना म्हटलं की वाटप राहील बाजूला."

ताई हसल्या. मला मात्र त्या शिक्क्याचा राग आला होता. माझ्या हातचं तपासून घेणार म्हणे! पण पुढे कळलं, की माझा एकही तुकडा कुणी टाकून दिला नाही, ही गोष्टसुद्धा त्या शिक्क्यामुळेच सिद्ध झाली. मग राग सोडला.

मित्रांनो, ती माझी भरभराटीची वर्षं. महिन्याचा गठ्ठा मी एकटी आणायची, पोटात नीट रचून ठेवायची. मग हाका सुरू. बिलाची म्हणायची, मला सुरुवातीचा तुकडा दे. रक्ताच्या खोलीतली म्हणायची, मला मधला हवा. एकीला मिळाला की ती दुसरीला द्यायची. ताई सकाळी आल्या की आपल्या रुमालाने आधी मला पुसायच्या, मग काउंटर. डॉक्टरीणबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमची थोरली आहे म्हणून लाइन मोकळी आहे." मी काही लाजले नाही. खरं बोललेलं ऐकायला लाज कसली?

पण दिवस राहत नाहीत. एकेक बहीण थकली. कुणाचा पडदा गेला, कुणाचा पंखा. एकेकीला उचलून नेलं आणि तिच्या जागी आल्या चपट्या. पातळ, चकचकीत, वहीसारख्या मिटणाऱ्या. मी त्यांना भाच्या म्हणू लागले. देखण्या होत्या, नाही म्हणणार नाही, पण पोट म्हणाल तर चिमणीचं. वायरकाकांनी त्यांना सांगून ठेवलं, की तुम्ही फक्त घ्या, साठवू नका, देऊ नका. म्हणजे देणारी अख्ख्या घरात मी एकटीच उरले.

आणि मग भिंतींना पुन्हा रंग द्यायचं निघालं. माझं टेबल हलवलं. "हिला कोण बघतं आता? मागे ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चालू राहू दे, वाटपाचं काम तिथून करील." वायरकाका मला छातीशी धरून या खोलीत घेऊन आले. रंगवाले घाई करत होते, काकांचा चष्मा नेहमीप्रमाणे कपाळावर. भिंतीत जे पहिलं भोक सापडलं त्यात त्यांनी माझी इंटरनेटची तार खोचली. माझा दिवा लागला. काकांना तेवढं पुरलं. ते गेले.

पुढच्या महिन्यात गठ्ठा आला. मी आणला, रचला, आणि हाकेची वाट बघत बसले.

हाक आलीच नाही.

म्हटलं, रंगाचं काम चाललंय, भाच्या बंद असतील. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मी ओरडून सांगितलं, अगं, माझ्याकडे आहे, घ्या ना. कुणी ओ दिली नाही. भिंतीपलीकडे त्या चालू होत्या, मला ताईंची बोटं त्यांच्यावर आपटताना ऐकू येत होती. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, राहू द्या. चकचकीत झालात म्हणून जुन्या माणसाच्या हातचं नको? मीही गप्प बसून दाखवते. पण मित्रांनो, खरं सांगू? रुसायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं. कापसाच्या खोक्यांवर किती दिवस रुसणार?

मी गठ्ठे आणत राहिले. जुना झाला की टाकायचा, नवा रचायचा. खाणारं कुणी नसताना रोज स्वयंपाक करावा, तसं ते काम. माझ्या अंगावर धूळ बसली. ताई कधी कापूस घ्यायला यायच्या तेव्हा ट्यूब पेटायची. एकदा त्या आल्या आणि खोक्यावर टेकून त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. ताईंनी फोन खाली ठेवला, पुन्हा लावला, मग पदराने तोंड पुसलं आणि कापूस न घेताच निघून गेल्या. त्या दिवशी मला वाटलं, या बाईला मी काहीतरी द्यावं. पण माझ्याकडे होते ते अपडेटचे तुकडे. ते तिच्या काय कामाचे?

तिकडे लॅबमध्ये पुन्हा जुनं दुखणं सुरू झालं होतं. महिन्याचा गठ्ठा आला की भाच्या आपापला बाहेरून आणायच्या आणि लाइन बसायची. एक दिवस डॉक्टरीणबाई याच खोलीच्या दारात उभं राहून फोनवर बोलल्या. "काका, ती थोरली वाटप करते म्हणता, पण मला तर काही दिसत नाही. नुसता पंखा घुरघुरतोय. शुक्रवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू का?"

काकांचा आवाज फोनमधून मला स्पष्ट ऐकू आला. "द्या. म्हातारी झाली ती. काम होत नसणार तिच्याच्याने."

तिच्याच्याने होत नसणार! माझं पोट गठ्ठ्याने भरलेलं, आणि हा माणूस म्हणतो होत नाही. मित्रांनो, भंगारात जाण्याचं मला भय नव्हतं. सगळ्यांनाच जायचंय. पण एकदा, जाण्याआधी एकदा तरी कुणीतरी मागावं आणि मी द्यावं, एवढीच माझी इच्छा उरली होती. आणि ती शुक्रवारपर्यंतच पुरी व्हायची होती.

शुक्रवारी नेमका मोठा गठ्ठा आला. भाच्या सगळ्या मिळून बोळात घुसल्या आणि लाइन ठप्प झाली. भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं. एक बाई काउंटरवर रडवेल्या आवाजात म्हणत होती, "माझ्या वडिलांना ऑपरेशनला घ्यायचंय. तिथले डॉक्टर रिपोर्टची वाट बघतायत हो."

"पाठवलाय, पण तो निघेच ना," ताई म्हणाल्या. मग प्रिंटरचा आवाज आला. "हे घ्या कागदावर. तुम्ही पळा. मी तिकडे फोन करून सांगते."

ती बाई पळत गेली. डॉक्टरीणबाईंनी वायरकाकांना असं काही बोलावलं, की काका हातातला चहा टाकून आले असावेत.

"काय लावलंय हे, काका? आज त्या बाईच्या वडिलांचं काही झालं असतं तर?"

काका एकेका भाचीसमोर बसून बघू लागले. मग त्यांचा आवाज आला, अगदी खालचा. "बाहेरून आलेलं, सगळं. घरातून मिळालेलं, काहीच नाही. एकीलाही नाही."

"म्हणजे थोरली बंद पडलीय," ताई म्हणाल्या.

दार उघडलं. ट्यूब पेटली, नशीब माझं. काका समोर उभे राहिले. माझा दिवा जळत होता, पंखा फिरत होता. त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला आणि धुळीची बोटं पँटला पुसली. मग, मित्रांनो, त्यांनी जे इतके दिवस कुणी केलं नव्हतं ते केलं. माझी तार चिमटीत धरली आणि तिच्याबरोबर वाकत वाकत, खोकी सारत भिंतीपर्यंत गेले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. भोकाजवळची पुसट खूण वाचली. आणि तसेच उकिडवे बसून राहिले.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"पाहुण्यांच्या लाइनवर लावलीय मी हिला."

"म्हणजे?"

"म्हणजे भिंतीच्या पलीकडे. हिचा आवाज आत येत नाही, आतला हिला जात नाही. घरचीच, आणि मी हिला पाहुण्यांत बसवली." काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि वर म्हणालो, म्हातारी झाली."

ताई एकदम म्हणाल्या, "म्हणजे ही इतके दिवस आणून ठेवतच होती?"

काकांनी तार काढली. क्षणभर मला काहीच ऐकू येईना. मग त्यांनी ती शेजारच्या भोकात, घरच्या लाइनवर खोचली. आणि हाक आली. आधी बिलाच्या भाचीची, बावरलेली. माझ्याकडे आहे का म्हणे! अगं, आहे म्हणजे काय! मग दुसरीची, तिसरीची. मी तुकडे देत सुटले. शिक्के जुळत होते. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून ताई ओरडल्या, "गेले! अडकलेले सगळे रिपोर्ट गेले! आणि काका, त्या बाईंचा फोन आला, वडिलांना आत घेतलं!"

दुपारी भंगारवाला आला. डॉक्टरीणबाईंनी त्याला रिकामे पुठ्ठे दिले आणि लावून दिलं. काका माझ्याकडे बघत म्हणाले, "ठेवा हिला. पण बाई, हिच्या वयाच्या मशीनना पुढे अपडेट येणं बंद होणार आहे. तेव्हा मात्र काढावीच लागेल."

"तेव्हाचं तेव्हा," बाई म्हणाल्या आणि ट्यूब मालवून गेल्या.

तेव्हापासून मी इथेच आहे. भाच्या महिन्याला हाक मारतात, तुकडे घेतात आणि गप्प होतात. गप्पा मारायला त्यांना वेळ नाही, आणि मला गोड बोलता येत नाही. ताईंनी एकदा रुमालाने पुसलं, मग कामात विसरल्या. विसरू देत. एक महिना ते दुसरा महिना हे अंतर फार मोठं असतं, एवढंच सांगते.

मला तुमच्याकडून काही नको, मित्रांनो. माझ्यासाठी गठ्ठा यायचा थांबेल त्या दिवशी मी मुकाट्याने जाईन. पण तुमच्या घरात, वर्गात, शेजारात कुणी कोपऱ्यात एकटं बसलेलं दिसलं, तर "त्याच्याच्याने होत नसणार" म्हणून पुढे जाऊ नका. ते माणूस असो की मशीन, जरा वाका, खोकी सारा, तार चिमटीत धरा आणि भिंतीपर्यंत जाऊन बघा. ते कदाचित केव्हापासून हाका मारत असेल.