ड्रायव्हरची सीट

"अहो, रक्त."

"कुणाचं?" ह्यांनी विचारलं.

दुकानात आम्ही दोघंच होतो. तिसरी ती जीप, आणि जीपला रक्त येत नाही. तरी ह्यांनी सुई खाली ठेवली, आधी चामड्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या. डाव्या हाताच्या मधल्या बोटातून रक्त येत होतं. सुई पेरात चांगली खोल गेली होती, आणि त्यानंतरही ह्यांनी चार टाके घातले होते. पाचव्याला माझं लक्ष गेलं म्हणून, नाहीतर शिवण संपेपर्यंत थांबले नसते.

"अरेच्चा," हे म्हणाले. एवढंच.

मी त्यांना नळाशी नेलं, बोट धुतलं, फडकं बांधलं. सुई टोचली की माणूस हात झटकतो. एकतीस वर्षांत ह्यांना कितीदा सुई लागली असेल, आणि दर वेळी ह्यांनी सुईला, दोऱ्याला, गाडीच्या मालकाला आणि शेवटी मला बोल लावला आहे. आज हात माझ्या हातात गुपचूप देऊन उभे होते. रक्त मी खूप पाहिलंय, पण ह्यांना असं गप्प उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

परत येऊन आम्ही दोघं चामड्यावरचा डाग बघत राहिलो. बोराएवढा होता आणि हळूहळू काळा पडत होता.

आमचं दुकान सीट कव्हरचं. मोटरसायकलच्या फाटक्या सीटा, टेंपोच्या सीटा, मधूनच एखाद्या दवाखान्याचं बाकडं. सगळं रेक्झीनचं काम. रेक्झीन मीही शिवते, फोम कापते, कागदाचे नमुने काढते. चामडं मात्र ह्यांचं. मी चामड्याला सुई लावायची नाही हा दुकानाचा कायदा, आणि तो लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात झाला. "रेक्झीनची शिवण उसवून परत घालता येते. चामड्याला एकदा भोक पडलं की ते राहिलंच," असं तेव्हा म्हणाले होते. वर, "तुझा हात धसमुसळा आहे," असंही म्हणाले होते. ते मी विसरलेले नाही.

ही जीप गुरांच्या डॉक्टरांची. गाडी पन्नास वर्षांची. कापडी छत, पुढे दोन सीटा, मागे समोरासमोर दोन बाकडी. हिच्यातून डॉक्टरांनी सारी नोकरी केली, रस्ता असो नसो. आता त्यांची नातही गुरांची डॉक्टर झाली आणि शनिवारी त्यांच्याकडून गाडी न्यायला येणार होती. इंजिन, पत्रा, रंग सगळं दुसरीकडे होऊन गाडी शेवटी आमच्या दारात आली होती. चामडं डॉक्टरांनी स्वतः आणून दिलं, रंग न चढवलेलं, मधासारखं फिकट. "वापरून वापरून रंग येऊ दे," म्हणाले. असं चामडं दिसायला देखणं आणि सांभाळायला महाकठीण. त्यावर पाण्याचा थेंब सांडला तरी डाग राहतो, मग रक्ताचं काय विचारता?

दोन्ही बाकडी झाली होती. शेजारची सीट झाली होती. राहिली होती फक्त ड्रायव्हरची बैठक, आणि डाग नेमका तिच्या पुढच्या कडेला पडला होता.

"पुसून बघू?"

"हात लावू नकोस. पसरेल."

"फोमखाली दुमडता नाही येणार?"

"समोर आहे तो. दार उघडलं की पहिलं तेच दिसणार."

गुरुवारची दुपार होती. शुक्रवारी चार वाजता डॉक्टर गाडी घ्यायला येणार होते.

आता खरं सांगायचं तर ह्यांच्या हाताचं काहीतरी बिनसलंय हे मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. तेव्हा ह्यांचा अंगठा रेक्झीन तापवायच्या हीट गनच्या तोंडाशी होता आणि भाजल्याचा वास मला आला, ह्यांना नाही. त्याच्या आधीपासून बारीकसारीक काहीतरी चाललंच होतं. किल्ली खिशात चाचपून काढायचे, ते खिसा उघडून, आत बघून काढायला लागले. जन्मभर शर्ट घालणारा माणूस अचानक बिनबटणाचे टी-शर्ट घालायला लागला. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "वहिनी, दादा तरुण झाले." मी हसले. घरी येऊन जुने शर्ट पाहिले तर कितीतरी बटणं धाग्यावर लोंबत होती, ओढून ओढून सैल झालेली.

"काही होतंय का?" विचारलं की एकच उत्तर, "मान अवघडलीय." डॉक्टरकडे चला म्हटलं की चामड्याचा वास किती छान आहे यावर बोलायला लागायचे. ताकास तूर लागू देत नव्हते. आणि मीही फार खोदून विचारलं नाही, कारण हे 'हो' म्हणाले तर पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी दिवसभर त्यांच्या हातांकडे बघत बसायचे. त्यांनी कात्री उचलली की मी हातातलं काम थांबवायचे, खाली ठेवली की परत सुरू करायचे.

"मी डॉक्टरांना फोन करते," मी म्हणाले. "चार दिवस मागून घेऊ."

"नको."

"मग करणार काय?"

हे फोमच्या गठ्ठ्यावर बसले. फडकं बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघतच बोलले.

"मला लागत नाही गं."

"काय लागत नाही?"

"बोटांना काहीच लागत नाही. जाड मोजे घातल्यासारखं वाटतं. आधी टोकं गेली, आता पेरांपर्यंत आलंय."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"वर्ष? आणि ही तीन कव्हरं कशी शिवलीत?"

"डोळ्यांनी. प्रत्येक टाका बघून बघून. म्हणून तर दीड महिना लागला."

मला इतका राग आला की हातातलं फडकं मी जमिनीवर आपटलं. वर्षभर हा माणूस माझ्या समोर बसून नाटक करत होता आणि मी तीन आठवड्यांचं गुपित सांभाळल्याबद्दल स्वतःला शहाणी समजत होते. दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती. मग रडूही आलं, पण ते मी गिळलं, कारण या चामड्यावर ते सांडायचीही सोय नव्हती.

"उरलेलं चामडं किती आहे?" मी विचारलं.

"अर्धा तुकडा. पोटाकडचा."

पोटाकडचं चामडं ढिलं असतं. त्यावर माणूस बसला की महिन्याभरात झोळी होते. पण अशा तुकड्यातही मधे कुठेतरी घट्ट जागा असते, आणि ती शोधण्यात ह्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. डोळे मिटून दोन्ही हात चामड्यावरून फिरवायचे आणि खडूने रेघ मारायचे. आसपासचे कारागीर ते बघायला मुद्दाम यायचे. हे त्यांना म्हणायचे, "यात सांगण्यासारखं काही नाही, हाताला कळतं."

ह्यांनी तुकडा टेबलावर पसरला. हात फिरवला. डोळे मिटले, परत फिरवला. मी खडू घेऊन उभी होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि बाजूला सरकले.

"तू बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मी सांगतो."

"एकतीस वर्षं म्हणताय सांगण्यासारखं काही नाही."

"म्हणत होतो. आता सांगतो. डोळे मीट."

मी डोळे मिटले. माझ्या हाताला आधी नुसतं गार लागलं. घामाने डाग पडेल या भीतीने मी दोनदा तळवे पुसले.

"घाई करू नकोस. काय लागतंय?"

"मऊ."

"कसलं मऊ? आपल्या कानाची पाळी चिमटीत धर."

मी कान धरला. स्वतःच्याच दुकानात कान धरून उभी. कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे.

"तसं लागतंय?"

"हो."

"ते सोड. वर सरक. आता तळहाताची ही अंगठ्याखालची गादी दाब. तसं लागलं की सांग. आणि कुठं खडखडीत लागलं तर थांब, ती जुन्या जखमेची जागा असते, डोळ्याला दिसत नाही. पुढं उसवते."

हे बोलत होते आणि मी हात फिरवत होते. त्यांचा आवाज एरवी मला शिकवताना चिडका असतो. आज तसा नव्हता. एका जागी मी थांबले, म्हणाले, "इथे गादीसारखं आहे." ते म्हणाले, "किती लांब?" मी बोटांनी कड शोधत गेले आणि त्यांनी माझ्या बोटांमागून खडू ओढला. कागदाचा नमुना ठेवून पाहिला. मावत होता. एका कोपऱ्यात जेमतेम अर्धं बोट जागा उरत होती.

"काप," ते म्हणाले.

"तुम्ही कापा ना."

"काप म्हणतो ना."

कात्री चालवताना मी श्वास घेतला की नाही, मला आठवत नाही. तुकडा सुटला तेव्हा हे शांतपणे कडा तपासत होते, डोळ्यांनी.

शिवण शुक्रवारी सकाळी घातली. मधल्या पट्ट्या मशीनवर, पण कडेची शिवण हातानेच घालावी लागते. आधी आरीने भोक पाडायचं, मग दोन्हीकडून दोन सुया. हे समोर स्टुलावर बसले, त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते.

"दोरा किती ओढायचा?"

"ते बोटाला..." म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "आवाज ऐक. दोरा चामड्यातून जाताना करकरतो. करकर थांबली की पुरे."

मग आम्ही दोघं करकर ऐकत बसलो. पंक्चरवाल्याने हवेचं मशीन चालू केलं तेव्हा हे उठून त्याला बंद करायला सांगून आले. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं कुणी गेलं की काय. कोपऱ्यावरच्या अरुंद जागेत माझी आरी केसभर बाहेर सरकली. भोक पडलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता धसमुसळेपणावर व्याख्यान होणार असं वाटलं.

"पुढे चल," ते म्हणाले. त्यांनी मला ओरडायला हवं होतं असं मला फार वाटलं.

डॉक्टर चारला पाच मिनिटं कमी असतानाच आले. उंच माणूस, आवाज मोठा, कारण आयुष्यभर गोठ्यात ओरडून बोलले. आधी मागची बाकडी पाहिली, मग शेजारची सीट, मग ड्रायव्हरचं दार उघडलं. मी फोमच्या गठ्ठ्यामागे काहीतरी शोधायला लागले. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टर बसले. गिअर हलवला, पाठ टेकली, बैठकीच्या कडेवरून हात फिरवला.

"वा. कुशनवाले, हात काही म्हातारा झाला नाही तुमचा. सगळ्यात सरस ही जमलीय."

हे स्टिअरिंगपाशी उभे होते. मला वाटलं हसतील आणि 'तुमची कृपा' वगैरे म्हणतील, नेहमी तसंच म्हणतात. मी मनात म्हणत होते, म्हणा, म्हणून टाका.

"ही माझी नाही," हे म्हणाले. "ही हिची आहे. बाकीच्या माझ्या."

एकतीस वर्षं मला वाटत होतं की ह्यांनी एकदा तरी कुणासमोर माझं नाव घ्यावं. आणि घेतलं तेव्हा मला ते अजिबात नको झालं. मागे घ्या म्हणावंसं वाटलं.

"वहिनींची? मग तुम्हाला काय झालं?"

ह्यांनी फडकं बांधलेला हात पुढे केला. डॉक्टर खाली उतरले, फडकं सोडलं, बोट पाहिलं, भाजलेला अंगठा पाहिला. खिशातलं पेन काढलं.

"डोळे मिटा. मी बैलाचे पाय असेच तपासतो, फक्त बैलाला सांगता येत नाही. कुठं लावलं?"

"करंगळी."

पेन तर्जनीवर होतं.

"आता?"

"अंगठा."

डॉक्टरांनी पेन कुठेच लावलेलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. हे डोळे मिटून, हात पुढे करून, पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभे होते, आणि चेहऱ्यावर असा विश्वास की सगळी उत्तरं बरोबर येताहेत. मी तोंड फिरवलं.

"उघडा डोळे," डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झालेला ऐकला. "सोमवारी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. मी चिठ्ठी देतो. मानेचं असेल, साखरेचं असेल, तपासल्याशिवाय कळायचं नाही."

"हाताला कळणं परत येईल?" मी विचारलं.

"वर्ष घालवलंत वहिनी. थांबेल कदाचित. परत येण्याचं मी सांगू शकत नाही."

हे म्हणाले, "चहा टाक ना. डॉक्टर उभेच आहेत."

मी आत जाऊन चहा टाकला. साखर घातली की नाही तेही लक्षात राहिलं नाही. बाहेर आले तेव्हा हे स्टुलावर बसले होते आणि ते दोघं गाडीच्या छताच्या बकलांविषयी बोलत होते, अगदी नेहमीसारखं. डॉक्टरांनी कप घेतला. दुसरा मी ह्यांच्यापुढे धरला. एरवी हे न बघता कप ओढून घेतात.

आज घेतला नाही. डॉक्टरांसमोरच त्यांनी विचारलं, "गरम आहे का गं?"

"आहे," मी म्हणाले. "जरा थांबा."

हे हात मांडीवर ठेवून थांबले, आणि मी कप धरून उभी राहिले.