घड्याळाचं तीर्थ

आमच्या घरी घड्याळाला अंघोळ घालत. आधी दूध, मग दही, तूप, मध, वर साखर. आणि ताम्हनात जे साचायचं ते घरातली सगळी माणसं तळहातावर घेऊन प्यायची. मीही प्यालेय. अजून आठवलं की तोंडात पाणी येतं, ओकारीच्या आधी येतं ते.

घड्याळ माझ्या वडिलांचं, खंडोजीरावांचं. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. पहिल्या महायुद्धात ते पलटणीच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पू काढायचा, पट्ट्या बांधायच्या, रोग्याखालची भांडी उचलायची. तिथल्या एका डॉक्टरने मायदेशी जाताना हे मनगटी घड्याळ त्यांना दिलं, नाडी मोजायला. खालच्या बाजूला सेकंदाच्या काट्याचं वेगळं बारकं गोल होतं. लढाईनंतर बंगळूरला परत येऊन आप्पांनी सरकारी दवाखान्यात तेच काम रिटायर होईपर्यंत केलं. जाण्याआधी त्यांनी माझं नाव नर्सिंगच्या ट्रेनिंगला घातलं आणि सांगितलं, "गोजरा, घड्याळ तू घे. नाडी तू मोजणार आहेस."

पण ते गेल्यावर घड्याळ घेतलं माझ्या थोरल्या भावाने, प्रतापरावाने, म्हणजे आमच्या अण्णाने. वापरायला घेतलं असतं तर एक वेळ समजलं असतं. त्याने ते नेऊन देव्हाऱ्यात ठेवलं.

अण्णाची गोष्ट अशी, की त्याला वडील ड्रेसर होते हे सांगवत नव्हतं. गवीपुरमात आम्हा मराठ्यांची जुनी घरं. शहाजीराजांबरोबर आलो म्हणून सांगणारे लोक आम्ही, निम्मं कन्नड बोलतो पण मिशा मराठी. अण्णा समाजाच्या कमिटीवर आला आणि आप्पा हळूहळू घोड्यावर चढले. आधी "पलटणीत होते" एवढंच. चार महिन्यांनी "स्वारांत होते". त्यानंतर रविवारच्या जुन्या बाजारातून एक तलवार घरी आली आणि ती आप्पांची झाली. आप्पांनी आयुष्यात कात्रीपेक्षा मोठं हत्यार धरलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात बसून हे सगळं ऐकायची आणि तांदूळ निवडायची.

आमच्यात खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, ती हळदीकुंकू आणि फूल वाहून. पंचामृताची अंघोळ फक्त देवांच्या टाकांना. अण्णाने ती घड्याळालाही लावली, आणि वर्षातून एकदा पुरेना म्हणून दर पौर्णिमेला. देव देव करावं तर यानेच. मात्र मी दवाखान्यातून आले की आधी मागच्या दाराने न्हाणीत जायचं, कपडे बुडवायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं, तेव्हा कुठे घरात पाऊल. तरीही माझ्या हातचा पाण्याचा तांब्या अण्णा घ्यायचा नाही. "कुणाकुणाची घाण काढून येतेस," म्हणायचा. बापाने जन्मभर तीच काढली आणि त्यावर हा वाढला, ते सोयीने विसरला होता.

मग घड्याळ बंद पडलं. एकसष्ट सालची गोष्ट. जालहळ्ळीला घड्याळांचा कारखाना निघणार म्हणून सगळं शहर बोलत होतं, आणि आमचं घड्याळ काही केल्या टिकटिक करेना. बंद घड्याळ देवात अशुभ, कुणाची तरी दृष्ट लागली, असं म्हणून अण्णाने ते कागदात गुंडाळून माझ्यापुढे सरकवलं, हाताला हात न लावता.

"तुझ्या वाटेवर दुकानं आहेत. नवमीच्या आत करून आण."

मला हवंच होतं. आमच्या सिस्टर-ट्यूटरने वर्गात सांगितलं होतं, की आतापर्यंत बाहेरच्या खोलीत पट्ट्या बांधल्या, भांडी उचलली, आता दसरा झाला की आम्हाला वॉर्डवर घेणार, आणि जिच्याकडे सेकंदाच्या काट्याचं घड्याळ नाही तिने यायचं नाही. ती घरी बसेल. घरी बसले असते तर अण्णाने दोन महिन्यांत माझं लग्न लावून मोकळं केलं असतं. नवीन घड्याळ मला कुणी घेऊन देणार नव्हतं. माझं सगळं या एका घड्याळावर होतं.

चिक्कपेटेत आप्पाजी नावाच्या माणसाचं मोठं दुकान होतं. काचेची कपाटं, भिंतीवर लंबकाची घड्याळं, आणि अक्का अक्का करत पुढेपुढे करणारा मालक. त्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि छान हसला. "काही नाही अक्का, स्वल्प ऑइल घालायचं. झालं."

घातलं. घड्याळ चार दिवस रखडत चाललं आणि बसलं. पुन्हा गेले तर तोच हसरा चेहरा. "आतला पार्ट गेलाय. पार्ट मिळणार नाही. वाटलं तर मी विकत घेतो, तुमचं नुकसान नको." पहिल्या दिवशी नव्हता गेला का पार्ट, म्हटलं. तर म्हणे, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही. गोड बोलून गळा कापणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून चीड आहे. घड्याळ त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं मी.

आमच्या दवाखान्यातल्या कारकुनाने मल्लेश्वरमचा देवाप्पा सांगितला. बेळगावकडचा, मराठी बोलणारा. पण तोंडाचा फटकळ, गिऱ्हाईक टिकत नाही, असंही सांगितलं. दुकान म्हणजे मार्केटजवळच्या जिन्याखालचं खोपट होतं. देवाप्पाने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, झाकण उघडलं, आणि डोकं झटकन मागे घेतलं.

"शी शी शी. काय मेलंय गे ह्यात?"

उठला, खांद्यावरचा टॉवेल नाकाला लावून बाहेर गेला आणि गटारात थुंकून आला. पानाच्या दुकानावरची माणसं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच क्षणी मी ठरवलं, की घड्याळ द्यायचं तर यालाच. तोच वास चिक्कपेटेतल्या आप्पाजीच्या नाकात गेला नसेल का? गेला होता. वास घेऊन तो हसला होता.

"आता काय आहे ते सांगा," मी म्हटलं.

"तूच बघ की. मला दह्याचा वास लहानपणापासून सोसत नाही."

भिंग लावून मी बघितलं. चाकांच्या दातांत पिवळा चिखल. आंबलेलं तूप, वर हिरवट साय धरलेली. मुंग्या, चिकटून मेलेल्या, काहींचे नुसते पायच. आणि मधोमध फुगून काळा पडलेला एक अक्षतेचा दाणा. दाणा बाहेरून आत जाणं शक्यच नव्हतं. झाकण कुणीतरी मुद्दाम उघडलं होतं. नंतर अण्णाला विचारलं तर अभिमानाने म्हणाला, "यंत्राची पूजा यंत्राला पोचायला नको का? चाकूने झाकण काढून आत हळदीकुंकू, अक्षता वाहतो मी. सगळ्यांना सुचत नाही."

देवाप्पाला मी पूजेचं सांगितलं. तीर्थ घेतो तेही सांगितलं. माझ्याकडे तो असा बघायला लागला की मला खाली बघावंसं वाटलं.

"ह्यातलं पाणी प्यालात? सगळे?"

"सगळे."

"मी ह्याला हात लावणार नाही बघ. घेऊन जा."

मी म्हटलं, घाण मी काढते, मला तेच शिकवलंय. तुम्ही फक्त खोला आणि परत जोडा. तो कुरकुरला, पण त्याने नाकाला टॉवेल बांधून एकेक भाग सुटा केला, आणि मी पेट्रोलच्या वाटीत कापूस बुडवून दुकानाच्या पायरीवर बसले. जखम धुतात तसं धुतलं, कडेने आधी, मग आत. मीही दोन वेळा उठून गटारात थुंकून आले. रोग्याचा पू बघून मला कधी असं झालं नव्हतं. रोग्याने तो हौसेने केलेला नसतो.

मी धुतलं ते देवाप्पाने भिंगातून तपासलं, दोन चाकं परत धुवायला दिली, मग बाकीचं काम स्वतः केलं. गंजलेली एक बारीक कमान बदलली आणि जुनी कागदात बांधून माझ्या हातात ठेवली. "बदलली म्हणून सांगतोय. न सांगता कायपण बदललेलं नाही. आणि पुन्हा देवात ठेवलंस तर माझ्याकडं येऊ नको, सांगून ठेवतो."

सेकंदाचा काटा आपल्या बारक्या गोलात फिरायला लागला. मी तिथेच स्वतःची नाडी मोजली.

घड्याळ मनगटावर बांधूनच मी घरी गेले. न्हाणीत तेवढं काढून ठेवलं, बाहेर आल्यावर पुन्हा बांधलं. अण्णाने बघितलं आणि हात पुढे केला. "आण इकडे. परवा नवमी."

"आप्पांनी मला दिलंय. परवाच्या परवा मला वॉर्डवर जायचंय."

"पूजेनंतर बघू."

"अंघोळ घालणार नाहीस ना?"

"स्नानाशिवाय कसली पूजा? आणि आता तर ते दवाखाना फिरून आलंय, दोनदा घालावी लागेल."

आतला सगळा चिखल मी त्याला सांगितला. मुंग्यांसकट सांगितला. त्याच्या तोंडावरची रेघ हलली नाही. म्हणाला, देवाच्या प्रसादाला घाण म्हणणाऱ्या जिभेला काय म्हणावं. मी रात्री घड्याळ हातावर बांधूनच झोपले.

नवमीला कमिटीची माणसं आली. कमिटीचे अध्यक्ष, पगडी घातलेले अप्पासाहेब आले, त्यांच्यामागे दहाबारा जण. पाटावर जुन्या बाजारातली तलवार, झेंडूच्या माळा, दारात फोडायला कोहळा. अण्णा पीतांबर नेसून बसला होता आणि आप्पांचा घोडा कोणत्या रंगाचा होता ते सांगत होता. वाटीत पंचामृत तयार होतं. सगळ्यांसमोर त्याने मला हाक मारली. "गोजरा, आप्पांचं घड्याळ आण पूजेला." त्याला वाटलं, चार लोकांत ही काय बोलणार.

मी गेले आणि तलवारीशेजारी पाट ओढून बसले. हात ताम्हनावर धरला.

"हे बघ घड्याळ. घाल पंचामृत. पण हातावरून सुटणार नाही. आणि यजमान तू आहेस, तेव्हा तीर्थ पहिल्यांदा तू घ्यायचं."

अण्णाने वाटी उचललेली होती. माझ्या हाताकडे त्याने बघितलं. काल याच हाताने मी काय काय उचललं असेल ते त्याच्या डोळ्यांपुढून जाताना मला दिसत होतं. नाक आक्रसलं, ओठ वाकडा झाला, मान मागे गेली. देवाप्पाचं झालं होतं तेच. पण देवाप्पाला किळस आली ती घाणीची. माझ्या भावाला माझी आली. मला वाटलं होतं आपल्याला गंमत वाटेल. वाटली नाही. फार लागलं.

"यंदा नुसतं फूल वाहू," अण्णा म्हणाला आणि लांबूनच झेंडू टाकला. तो माझ्या हातावर न पडता जमिनीवर पडला.

तेवढ्यात आई उठली. सकवारबाई माझी आई, आप्पा गेल्यापासून पूजेच्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडे कधी आली नव्हती. ती सरळ पाटापाशी आली.

"घड्याळ काढ, गोजरा."

हीसुद्धा त्याचीच, असं वाटलं. पण आईला कधी नाही म्हटलं नव्हतं. घड्याळ काढून मुठीत धरलं. तिने अण्णाच्या हातातली वाटी घेतली, माझा दुसरा हात ओढून ताम्हनावर धरला, आणि पंचामृत माझ्या उघड्या हातावर ओतलं. बोटांवरून ओघळलेलं आपल्या तळहातावर घेतलं आणि प्याली. मला शिसारी आली आणि रडू आलं, दोन्ही एकदम.

"आई, काय करतेस," अण्णा म्हणाला.

"तुझे आप्पा घोड्यावर कधी बसले नाहीत," आई म्हणाली. अप्पासाहेबांकडे बघून म्हणाली. "दवाखान्यात लोकांचं हगणं-मुतणं काढायचे. मी बाळंतरोगाने पडले होते तेव्हा घरी येऊन त्याच हाताने ह्याला भरवायचे. मेला नाही तो." मग अण्णाकडे वळली. "आता मीही प्यालेय, प्रताप. हिच्या हातचं चालत नसेल तर माझ्याही हातचं सोड."

आणि पदराला हात पुसत आत गेली. लोकांनी कोहळा फुटायची वाट बघितली नाही. तीर्थ कुणी मागितलं नाही.

दुपारी अण्णा जेवला नाही. देव्हाऱ्यापुढे पीतांबरातच बसून राहिला. दिवेलागणीला भूक सोसवेना, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन पाटावर बसला आणि म्हणाला, वाढ. आई चुलीपुढे होती. तिने ताटात पोळी वाढली, तूप घातलं, आणि ताट स्वतः नेलं नाही. माझ्या हातात दिलं.

मी नेऊन ठेवलं. माझ्या मनगटावर घड्याळ चालू होतं, त्याने ते बघितलं. तोंड वाकडं केलं, आणि पोळी मोडली.