आप्पांचा पिवळा पाय

आमच्या नागेंद्रला काही शिकवायला जाणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. उद्यमबागेतल्या वर्कशॉपात हा नवरा माझा ड्रोनचे पार्ट बनवतो. तिथल्याच पिवळ्या अरामिड धाग्याची, बुलेटप्रूफ जाकिटात असतो तसल्या, नळी करून त्यानं माझ्या आप्पांना पाय बसवून दिला. ट्रॅक्टरखाली गुडघ्याखालचा पाय गेलता त्यांचा. कार्बनची नळी कर म्हटलं, तर म्हणाला, कार्बन कडकन मोडतो, हा धागा कोयत्यालाबी दाद देत न्हाय. आप्पांच्या गावात, जांबोटीत बैलाचं दावं ओढून पारखतात, तशीच ती नळी आढ्याला बांधून गडी लोंबकळले. काही झालं न्हाय. मग काय, जावयाचं कौतुक.

अरे, पण पायाला माणूस लोंबकळतो व्हय? पायावर उभा राहतो.

मला चैन पडेना. उरलेला तुकडा कॉलेजच्या लॅबमध्ये नेला. मी तिथंच शिकवते. प्रेसखाली ठेवला. ओढायला पोलादाला भारी असलेला तो धागा दाबाला लई कच्चा निघाला. आवाज न्हाय, तडा न्हाय, आतल्या आत साडीच्या निऱ्यांसारखा मुडपत गेला. कार्बनचा तुकडा तेवढ्याच दाबाला ताठ उभा. 

आप्पांचा फोन लागेना. नागेंद्र म्हणाला, रविवारी जाऊ. डोकंच फिरलं. स्कूटर काढली. पिरनवाडीच्या गर्दीत एका टेम्पोवाल्याला शिव्या घातल्या, पुढं जंगलात आडव्या आलेल्या म्हशींनाबी घातल्या. डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, आप्पा उतारावरनं येतायत आणि डोक्यावर गवताचा भारा.

आणि खरंच तसेच येत होते. ओरडून त्यांना बांधावर बसवलं, पाय काढायला लावला. टाचेकडच्या अंगाला नळीवर सुरकुत्या पडल्या होत्या, बोटाला लागत होत्या. रडत रडत मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं न्हाय.

"म्हाईत हाय मला," आप्पा म्हणाले. "पयल्या आठवड्यापासनंच वाकतोय त्यो."

"मग घालताय कशाला?"

"जावयानं सोताच्या हातानं केलाय. नावं ठिवायची कशी? तुला त्येच्या घरात नांदायचंय, नीलम."

दरमहा पगार घेणारी बाई मी, कॉलेजात मॅडम म्हणतात मला. आणि माझा बाप माझं नांदणं सांभाळत त्या पायावर उतार उतरत होता.